टेस्टोस्टेरॉन: ‘जितके जास्त तितके चांगले’ हा दावा कुठे चुकतो

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर सातत्याने फिरतो आहे. कधी तो लिखित संदेश असतो, कधी एखाद्या पीळदार प्रशिक्षकाची मिनिटभराची चित्रफीत असते, पण आशय बहुधा एकच असतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या शरीरात तयार होणारे नैसर्गिक संप्रेरक आहे, त्यामुळे ते बाहेरून घेण्यात धोका नाही. रक्तातील पातळी जितकी वर जाईल तितकी ताकद, कामेच्छा आणि मूल होण्याची क्षमता वाढते. त्याने हृदयाला अपाय होतो हा समज २०२३ मधील एका मोठ्या अभ्यासाने खोटा ठरवला. आणि काही बिघडलेच, तरी ‘सायकल’ (काही आठवडे सलग इंजेक्शने किंवा गोळ्या घेण्याचा टप्पा) संपवून ‘पीसीटी’ (त्यानंतर शरीराचे स्वतःचे उत्पादन पुन्हा सुरू व्हावे म्हणून घ्यायची औषधे) केली की सारे पूर्ववत होते. जोडीला एक सल्लाही असतो, की रक्ततपासणीत आकडा चारशेच्या आसपास आला तर तो कमी समजावा आणि हजाराच्या दिशेने न्यावा. या प्रत्येक विधानात सत्याचा काही अंश आहे आणि म्हणूनच ती पटतात. पण ज्यांना ती पटतात ते बहुतेक पंचविशीच्या आगेमागे असतात, संसार अजून उभा राहायचा असतो, आणि नुकसान नेमके त्याच वयात होते. म्हणून ही विधाने नीट तपासून पाहणे आवश्यक वाटते.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी, ती म्हणजे स्नायू खरोखर वाढतात. शालेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेट (टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शनने देण्याचे एक रूप) देण्यात आले. व्यायाम न करणाऱ्यांचेही चरबीविरहित वजन सुमारे ३.२ किलोने वाढले, तर व्यायामासह इंजेक्शन घेणाऱ्यांचे ६.१ किलोने. हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७७ मध्ये अशा औषधांचा ताकदीसाठी उपयोग होत नाही, अशा आशयाची भूमिका घेतली होती आणि पुढे १९८४ मध्ये ती बदलली; दरम्यान आखाड्यात आणि व्यायामशाळेत परिणाम डोळ्यांनी पाहणाऱ्यांचा डॉक्टरांच्या शब्दावरचा विश्वास उडाला, आणि माझ्या मते तो आजही पुरता परतलेला नाही. तेव्हा ‘काही उपयोग होत नाही’ असे म्हणून कोणी या तरुणांना थांबवू शकणार नाही. मात्र तो प्रयोग दहा आठवड्यांचा होता, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला आणि दोन-चार वर्षांनंतर काय होते हे तपासण्यासाठी तो आखलेलाच नव्हता.

आता ‘नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक’ या विधानाकडे वळू. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने हे संप्रेरक प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून त्यांच्या हाती जेमतेम १० मिलिग्रॅम आले. कारण वृषणे या संप्रेरकाचा साठा करून ठेवत नाहीत. लागेल तेवढे घडवतात आणि लगेच रक्तात सोडतात. निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ३५ ते ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एनँथेटच्या एका नेहमीच्या ॲम्प्यूलवर २५० मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. त्यातला एस्टरचा, म्हणजे औषध हळूहळू सुटावे म्हणून रेणूला जोडलेला भाग वजा केला तर सुमारे १८० मिलिग्रॅम प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन उरते. खऱ्या कमतरतेसाठी डॉक्टर हे औषध आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. व्यायामशाळेतील सायकलमध्ये आठवड्याला अशा दोन ॲम्प्यूल घेणे नवशिक्याचे प्रमाण मानले जाते, आणि तेवढ्यानेही शरीर स्वतः बनवते त्याच्या सात ते दहा पट संप्रेरक आत जाते. इन्शुलिनही आपल्या शरीरात तयार होणारेच आहे. पण म्हणून मधुमेह नसलेल्या माणसाने गरजेच्या दसपट इन्शुलिन टोचून घ्यावे, असे कोणी सुचवणार नाही. संप्रेरकाच्या बाबतीत प्रश्न ते कुठून आले हा नसून ते किती आहे हा असतो.

या जादा साठ्याचे शरीर काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. त्याचा एक भाग ॲरोमॅटेज या विकराच्या साह्याने इस्ट्राडायॉलमध्ये, म्हणजे स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होतो, आणि छातीवर स्तनाची गाठ धरू लागते. ती एकदा तंतुमय झाली की औषधाने विरत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. दुसरा भाग डीएचटीमध्ये, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्याच अधिक प्रभावी रूपात बदलतो, त्यातून पाठीवर आणि खांद्यांवर मोठाले मुरूम उठतात आणि ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचे केस लवकर जातात. त्याच वेळी लाल रक्तपेशी वाढून रक्त घट्ट होते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेला तर उपचारासाठी चालू असलेले टेस्टोस्टेरॉनही थांबवावे, असा वैद्यकीय संकेत आहे. सायकलवर असलेल्या तरुणाचा चेहरा लालसर दिसतो, ते अनेकदा तब्येतीचे तेज नसते, वाढलेला रक्तदाब आणि घट्ट झालेले रक्त त्यामागे असते. गोळ्यांच्या रूपात मिळणारे मिथँडिएनोन, स्टॅनोझोलॉल, ऑक्सिमेथोलोन हे पदार्थ तर नैसर्गिक नाहीतच. यकृताने ते लगेच मोडून टाकू नयेत म्हणून त्यांच्या रेणूची रचनाच बदललेली असते, आणि त्याची किंमत यकृताला कावीळ, रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि क्वचित गाठी या रूपांत मोजावी लागते.

सर्वांत घातक विधान मात्र प्रजननक्षमतेचे आहे, आणि त्यावर मी थोडे अधिक थांबणार आहे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी टेस्टोस्टेरॉन लागते, हे खरे आहे. पण ते वृषणाच्या आत लागते, तेही रक्तातील पातळीच्या कित्येक पट जास्त प्रमाणात. ते तिथे तयार व्हावे म्हणून मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते, एलएच वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते आणि एफएसएच शुक्रजंतूंचे पोषण करणाऱ्या सर्टोली पेशींना चालना देते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे आहे असे मेंदूला दिसले, की हे संदेश आपोआप मंदावतात. इंजेक्शनने रक्तात टेस्टोस्टेरॉनचा पूर आला, की मेंदू ते वृषणातून आले की सुईतून, हा फरक करू शकत नाही; एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात, वृषणाच्या आतले उत्पादन बंद पडते आणि शुक्रजंतू घडणे थांबते. रक्ताच्या अहवालात आकडा उत्तम आणि वृषणात मात्र टंचाई, अशी ही अवस्था असते.

हे केवळ अनुमान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नेमक्या याच परिणामाचा उपयोग पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून करता येईल का, याच्या चाचण्या घेतल्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेट देण्यात आले आणि त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यातून शुक्रजंतू पूर्णपणे नाहीसे झाले. चीनमध्ये १,०४५ पुरुषांना महिन्याला एकदा टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट देऊन केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भधारणेचे प्रमाण वर्षाला शंभर पुरुषांमागे सुमारे १.१ इतके खाली आले, म्हणजे इतर कोणतेही साधन न वापरता ते नेहमीच्या गर्भनिरोधकांच्या तोडीचे ठरले. पहिल्या चाचणीतील २०० मिलिग्रॅम हे प्रमाण व्यायामशाळेतील नवशिक्याच्या सायकलच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्या औषधाची परीक्षा मूल होऊ नये म्हणून झाली, तेच औषध पौरुष वाढवणारे म्हणून विकले जाते, हे या संदेशाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असायला हवे.

अशा तरुणाचे कागद समोर ठेवले तर चित्र साधारण असे दिसते. वीर्यतपासणीच्या अहवालात प्रमाण आणि रंग ठीक असतो, पण शुक्रजंतूंच्या रकान्यात ‘आढळले नाहीत’ अशी नोंद असते, आणि नमुना यंत्रात फिरवून तळाशी बसलेला भाग तपासला तरी तेच. रक्ताच्या अहवालात एलएच आणि एफएसएच मोजता येतील त्यापेक्षाही कमी, टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे पंधराशे नॅनोग्रॅमच्या वर, हिमॅटोक्रिट पन्नाशीच्या पुढे. हे चार आकडे एकत्र पाहिले की अनुभवी डॉक्टरला वेगळे काही विचारावे लागत नाही. गोंधळ होतो तो इंजेक्शन थांबवून दोन-तीन महिने झाल्यावर, कारण तेव्हा टेस्टोस्टेरॉनही तळाला गेलेले असते आणि एलएचही. पीयूषिका ग्रंथीतच बिघाड आहे की काय, अशी शंका येऊन मेंदूचा एमआरआय सांगितला जातो. रुग्णाने सायकलची गोष्ट लपवली तर हा सारा खर्च आणि ताण विनाकारण पदरी पडतो.

त्याहून मोठा अन्याय घरात होतो. आपल्याकडे लग्नाला दोन वर्षे होऊन पाळणा हलला नाही की आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, कधी दुर्बिणीतून पाहणी, आणि त्या साऱ्याच्या शेवटी कोणीतरी नवऱ्याचे वीर्य तपासायला सांगते. भरदार शरीराच्या मुलात काही कमी असेल असे कोणाच्या मनात येत नाही, आणि त्यालाही स्वतःबद्दल ती शंका येत नाही, कारण त्याला शिकवले गेलेले असते की टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणजे बीज जास्त. वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

कामेच्छेबद्दल थोडक्यात सांगता येईल. टेस्टोस्टेरॉन फार कमी असेल तर कामेच्छा घटते आणि ते सामान्य पातळीवर आणले की सुधारते. सामान्य पातळीच्या वर चढवत नेल्याने त्याच प्रमाणात वाढ होत जाते, असा भरवशाचा पुरावा नाही. सायकल संपल्यानंतर मात्र इच्छा आणि ताठरता दोन्ही खालावतात, आणि पुढची सायकल सुरू करण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते.

हृदयाबद्दलच्या दाव्यात ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो ‘ट्रॅव्हर्स’ या नावाने ओळखला जातो आणि तो खरोखर महत्त्वाचा आहे. ४५ ते ८० वर्षे वयाच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांना त्यात त्वचेवर लावायचे टेस्टोस्टेरॉनचे जेल किंवा औषधरहित जेल देण्यात आले. हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन गटात ७.० टक्के आणि दुसऱ्या गटात ७.३ टक्के निघाले. संदेश इथेच थांबतो. पण त्या अभ्यासात दर वेळी रक्त तपासून पातळी ३५० ते ७५० नॅनोग्रॅमच्या दरम्यान राहील अशा बेताने जेलचे प्रमाण ठरवले जात होते; म्हणजे तो कमतरता भरून काढण्याचा अभ्यास होता, अतिरेकाचा नव्हता. आणि त्या मर्यादित प्रमाणातही हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित स्पंदन, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी आणि मूत्रपिंडाची अचानक इजा यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत जास्त आढळले, तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्याच पुढील विश्लेषणात हाडे मोडण्याचे प्रमाणही ३.५ विरुद्ध २.५ टक्के, म्हणजे अधिक निघाले. या अभ्यासानंतर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकातील हृदयविकाराच्या वाढीव धोक्याची भाषा काढून टाकली, हे खरे. पण त्याच वेळी रक्तदाब वाढण्याचा इशारा सर्व टेस्टोस्टेरॉन औषधांवर बंधनकारक केला.

अतिरेकाबद्दल जाणून घ्यायचे असेल तर अतिरेक करणाऱ्यांचेच अभ्यास पाहावे लागतात. २०१७ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात ॲरन बॅगिश आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या १४० पुरुषांची तुलना मांडली. त्यांपैकी ८६ जण ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्यासारखी स्नायू वाढवणारी औषधे, घेणारे होते. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर फेकतो, हे प्रमाण न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के आणि घेणाऱ्यांत ५२ टक्के होते, शिवाय हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत साचलेला थरही घेणाऱ्यांत अधिक होता. डेन्मार्कमध्ये व्यायामशाळांतील उत्तेजक तपासणीत दोषी आढळलेल्या सुमारे १,२०० पुरुषांची त्याच वयाच्या सर्वसामान्य पुरुषांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण २.८ पट निघाले. हा अभ्यास २०२४ मधला. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांतून प्रत्येक मृत्यूचे कारण स्टेरॉइडच होते असे म्हणता येत नाही, कारण हे लोक इतरही जोखमी घेत असू शकतात. पण जी माणसे वजने उचलतात आणि शरीराची निगा राखतात, त्यांचे हृदय इतरांपेक्षा कमजोर निघावे, याचे दुसरे समाधानकारक स्पष्टीकरण मला तरी दिसत नाही.

हीच सावधगिरी उलट बाजूनेही पाळली पाहिजे. टेस्टोस्टेरॉनने प्रोस्टेटचा कर्करोग होतो, असे सरसकट सांगितले जाते, ते आजच्या पुराव्यावर टिकत नाही; आधीच असलेला कर्करोग वाढण्याची भीती असते, म्हणून उपचारापूर्वी तपासणी करतात, इतकेच. टेस्टोस्टेरॉन प्रत्येकाला हिंसक बनवते, हेही खरे नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत घेतलेल्या ५० पुरुषांपैकी ४२ जणांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही, पण उरलेल्या आठ जणांत तो स्पष्ट दिसला, आणि आपण त्या आठांत असू की नाही हे आधी कळण्याचा मार्ग नाही.

राहिले ‘सायकल संपली की सारे पूर्ववत’ हे विधान. गर्भनिरोधक चाचण्यांत भाग घेतलेल्या पुरुषांच्या नोंदी एकत्र करून २००६ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार, शुक्रजंतूंची संख्या मिलिलिटरमागे दोन कोटींवर परतण्याचे प्रमाण सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत १०० टक्के होते. हा दिलासा खरा आहे आणि निराश झालेल्या प्रत्येक तरुणाला तो सांगितला पाहिजे. पण ते पुरुष निरोगी होते, ठरावीक आणि कमी प्रमाणात एकच औषध घेत होते. वर्षानुवर्षे टेस्टोस्टेरॉनला नँड्रोलोन (आणखी एक ॲनाबॉलिक स्टेरॉइड) आणि गोळ्यांची जोड देणाऱ्यांना तो हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. डेन्मार्कमधील २०१६ च्या एका अभ्यासात स्टेरॉइड सोडून सरासरी अडीच वर्षे झालेल्या पुरुषांपैकी चतुर्थांशाहून अधिक जणांचे टेस्टोस्टेरॉन तेव्हाही कमीच होते. या मधल्या काळात थकवा, झोप उडणे, खोल नैराश्य आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. ते स्वभावाचे दोष नसून संप्रेरकाच्या टंचाईची लक्षणे असतात आणि त्यांवर उपचार आहेत. पीसीटी म्हणून घेतल्या जाणाऱ्या क्लोमिफेन, टॅमॉक्सिफेन आणि एचसीजी या औषधांना वैद्यकात जागा आहे, पण ती रक्ताचे अहवाल पाहून देण्याची औषधे आहेत. प्रशिक्षकाने कागदावर लिहून दिलेल्या ठरावीक वेळापत्रकाने स्वतःचे उत्पादन नक्की सुरू होते, हे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, हे सहसा सांगितले जात नाही.

चारशेच्या आकड्याचे उत्तर सोपे आहे. १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांत एकूण टेस्टोस्टेरॉनची संदर्भ कक्षा डेसिलिटरमागे सुमारे २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम आहे, आणि चारशे हा तिच्या आतला आकडा आहे. शिवाय पातळी सकाळी सर्वाधिक असते; संध्याकाळी व्यायामानंतर, जेवून किंवा रात्री अपुरी झोप घेऊन दिलेल्या नमुन्यावर निदान करू नये. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी पातळी कमी आली आणि लक्षणेही असली, तरच कमतरता मानतात. पोटाचा घेर वाढलेल्या आणि मधुमेह असलेल्या पुरुषांत ती कमी आढळते, आणि वजन घटले, घोरणे आणि झोपेतील श्वासाचा अडथळा दूर झाला की अनेकांत इंजेक्शनविना सुधारते. क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असणे), पीयूषिका ग्रंथीची गाठ, गालगुंडानंतर वृषणांना झालेली इजा यांमुळे ज्यांच्यात खरी कमतरता आहे, त्यांच्यासाठी हेच औषध वरदान आहे, आणि या लेखामुळे त्यांपैकी कोणी उपचार सोडू नये. याउलट, बाहेरून काहीही न घेता कोणाची पातळी कक्षेच्या वर आढळली, तर तिचा अभिमान न बाळगता वृषणाची किंवा मूत्रपिंडावर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीची तपासणी करून घ्यावी.

जो तरुण आज सायकलवर आहे आणि ज्याला मूल हवे आहे, त्याने अंतःस्रावतज्ज्ञाकडे किंवा पुरुष वंध्यत्व पाहणाऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाताना घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, प्रमाण आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून न्यावी. शक्य असल्यास रिकाम्या ॲम्प्यूल आणि गोळ्यांची वेष्टनेही दाखवावीत. सोबत वीर्यतपासणी, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट, यकृताच्या आणि चरबीच्या चाचण्या, रक्तदाब आणि वर्षे फार झाली असतील तर हृदयाचा इको करून घ्यावा. शुक्रजंतू घडायला सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर महिन्याभरात केलेल्या तपासणीतून काही कळत नाही. साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. आणि पहिल्या अहवालानंतर लगेच पत्नीला खरे कारण सांगावे, म्हणजे तिच्यासाठी ठरवलेली दुर्बिणीची तपासणी निदान तोवर पुढे ढकलता येईल.